‘व्हास्ट’ कुठे चालतो आणि कुठे अडतो

गेल्या श्रावणात मी वर्गाचे निबंध तपासत होते. विषय होता पावसाळ्यातला सातारा. एका मुलीने लिहिलं होतं, ‘देअर वॉज व्हास्ट रेन इन सातारा.’ आणि दोन ओळी सोडून खाली, ‘कास इज अ व्हास्ट प्लॅटो.’ पहिल्या वाक्याखाली मी लाल रेघ ओढली, दुसऱ्याला बरोबरची खूण केली. मधल्या सुट्टीत ती वही घेऊन समोर उभी राहिली. “मॅडम, पाऊसही प्रचंड होता आणि पठारही प्रचंड आहे. मग एक चूक आणि एक बरोबर कसं?”

तेव्हा मी तिला ‘पावसाला हेवी म्हणतात’ एवढंच सांगितलं. उत्तर खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. उद्या तिला थंडीबद्दल, गर्दीबद्दल, रागाबद्दल लिहायचं झालं तर ती पुन्हा तिथेच अडणार. म्हणून ‘व्हास्ट’ हा एकच शब्द घेऊन सावकाश पायऱ्या चढू या. दहावी-बारावीची मुलं, स्पर्धा परीक्षेला बसलेली मुलं आणि नोकरीच्या अर्जात इंग्रजी लिहावं लागणारे सगळेच या पायऱ्यांवर हमखास घसरतात.

पायरी १ : उच्चार नीट बसवा

स्पेलिंग आहे व्ही-ए-एस-टी. सुरुवातीचा आवाज काढताना वरचे दात खालच्या ओठाला अलगद टेकले पाहिजेत. आपल्या ‘वारा’मधल्या ‘व’ने काम भागत नाही. ब्रिटिश पद्धतीने म्हणाल तर मधला ‘आ’ लांब, व्हास्ट. अमेरिकन पद्धतीने म्हणाल तर व्हॅस्ट. दोन्ही शुद्ध आहेत, कोणताही एक धरा. ‘व्हास्ट मेजॉरिटी’ असं जोडून म्हणताना मधला ‘ट’ जवळजवळ गिळला जातो. इंग्रजी बातम्या ऐकताना हा शब्द कानातून निसटतो तो त्यामुळेच.

तीन शब्दांपासून त्याला जपा. पश्चिम दिशा, वाया घालवणं आणि बनियन या तिघांचे इंग्रजी शब्द मराठीत लिहिले की वेस्ट, वेस्ट आणि व्हेस्ट असे दिसतात. आपला शब्द त्यांच्यात मिसळला की ऐकणाऱ्याला पठाराऐवजी बनियन ऐकू जातं.

पायरी २ : ‘पसरलंय का?’ हा एकच प्रश्न विचारा

मला हा शब्द पुस्तकात नव्हे, कासला कळला. साताऱ्याहून कास पंचवीसेक किलोमीटर. जांभ्या खडकाचा सडा, म्हणजे उघडा सपाट माथा, त्यावर मातीचा पातळ थर, आणि पाऊस ओसरायला लागला की त्या थरातून उगवलेली फुलं. इथे सपुष्प वनस्पतींच्या ८५० हून अधिक जातींची नोंद आहे, आणि पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ साली या पठाराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिथे गुडघे टेकून बसा आणि सीतेची आसवं बघा. एकेक फूल करंगळीच्या नखाएवढं. त्या फुलाला कुणी व्हास्ट म्हणणार नाही. उभं राहून नजर लांब टाका. तीच फुलं जांभळी चादर होऊन दिसेनाशी होईपर्यंत गेलेली असतात. ती चादर व्हास्ट आहे. ‘अ व्हास्ट कार्पेट ऑफ फ्लॉवर्स.’

म्हणजे वस्तू किती थोराड आहे हे हा शब्द विचारतच नाही. ती किती लांबवर पसरली आहे, नजर तिच्या कडेला पोचते की नाही, एवढंच तो विचारतो.

आता कोयनेला या. धरणाची भिंत १०३ मीटर उंच आहे. भिंतीसमोर उभं राहिलं की छाती दडपते, तरीही ती भिंत व्हास्ट नाही. ती ‘ह्यूज’ आहे, ‘मॅसिव्ह’ आहे. भिंतीमागचा शिवसागर जलाशय मात्र डोंगरांच्या बेचक्यांतून वळणं घेत मैलोगणती गेला आहे, पोटात १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. तो व्हास्ट. एकाच धरणाला दोन विशेषणं लागतात, आणि त्यांची अदलाबदल केली की वाक्य लंगडतं.

तसाच विचार बाकीच्यांचा करा. अजिंक्यतारा व्हास्ट नाही, त्याच्या तटावरून दिसणारा मुलूख व्हास्ट आहे. चाळकेवाडीची एक पवनचक्की ‘टॉल’, ती जिथे उभी आहे तो सडा व्हास्ट. ठोसेघरचा धबधबा ‘हाय’. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, त्याचं क्षेत्र ११६५ चौरस किलोमीटर. एवढ्या जंगलाला ‘अ व्हास्ट फॉरेस्ट’ म्हणायला कसलीच हरकत नाही.

शब्दाचं मूळ पाहिलं तर हे आणखी पक्कं होतं. लॅटिनमधल्या ‘वास्टस’ या शब्दाचा अर्थ रिकामं, ओसाड आणि म्हणूनच अफाट असा होता. इंग्रजीत तो १६ व्या शतकाच्या उत्तरार्धात आला. वाया घालवणं या अर्थाचा वेस्ट आणि उद्ध्वस्त करणं या अर्थाचा डेव्हास्टेट हे त्याचेच भाऊबंद. जिथे अडवायला काही नाही, तिथे नजर लांब जाते. ओसाडपणातून अफाटपणा असा जन्मला. आपल्याकडे हा मूळ अर्थ जसाच्या तसा पाहायचा असेल तर माण, खटाव, आटपाडी, जत या बाजूला उन्हाळ्यात जा. ते माळ, ती कुसळं, एखादं एकटं बाभळीचं झाड. वास्टस म्हणजे काय ते तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

पायरी ३ : ‘प्रचंड’चा सापळा ओळखा

मुळात त्या मुलीची चूक इंग्रजीत झालीच नव्हती. तिच्या मनात आधी ‘प्रचंड’ आला आणि शब्दकोशात ‘प्रचंड’समोर तिला व्हास्ट दिसला. आपला ‘प्रचंड’ फार उदार शब्द आहे. पाऊस प्रचंड, थंडी प्रचंड, गर्दी प्रचंड, भूक प्रचंड, राग प्रचंड, आवाज प्रचंड, पैसा प्रचंड. मराठीत हे सगळं सुखाने नांदतं. इंग्रजीत मात्र प्रत्येकाचं विशेषण ठरलेलं आहे. पाऊस ‘हेवी’, ट्रॅफिकही ‘हेवी’. महाबळेश्वरची जानेवारीतली थंडी ‘बिटर’. सांगलीतल्या गणेश विसर्जनाची गर्दी ‘ह्यूज’. आवाज ‘लाऊड’ किंवा ‘डेफनिंग’. प्रचंड भूक लागली तर ‘आय ॲम स्टार्व्हिंग’, प्रचंड राग आला तर ‘ही वॉज फ्युरियस’. या दोन ठिकाणी तर नाम आणि विशेषण दोन्ही जाऊन एकच शब्द उरतो. या सबंध यादीत व्हास्ट बसतो तो पैशाला, आणि लांबवर पसरलेली असेल तर गर्दीलाही चालतो. ‘व्हास्ट सम्स ऑफ मनी.’

म्हणून मी मुलांना सांगते की इंग्रजी शब्द शोधण्याआधी ‘प्रचंड’ खोडा आणि त्याच्या जागी नेमका मराठी शब्द लिहा. पावसासमोर ‘धो धो’ येईल किंवा ‘मुसळधार’. थंडीसमोर ‘कडाक्याची’ येईल. पठारासमोर ‘विस्तीर्ण’ येईल. संपत्तीसमोर ‘अफाट’ किंवा ‘अमाप’. समुद्रासमोर ‘अथांग’. मूर्तीसमोर ‘भव्य’, ट्रकसमोर ‘अवाढव्य’. आता सोपं झालं. विस्तीर्ण, अफाट, अमाप या तिघांपैकी एखादा शब्द आला तर व्हास्टकडे वळा. ‘अथांग’ला व्हास्ट चालतो, पण त्यातली खोली हरवते, फक्त पसारा उरतो. भव्यला ‘ग्रँड’ हवा. अवाढव्यला ‘ह्यूज’ किंवा ‘एनॉर्मस’. मुसळधार आणि कडाक्याच्या वाटेला तर व्हास्टने जाऊच नये.

एवढं एक केलं तरी निम्म्या चुका थांबतात, हा माझा वर्गातला अनुभव आहे. मराठी शब्द जितका नेमका, तितकं इंग्रजी सोपं. मराठी कच्ची ठेवून इंग्रजी सुधारता येतं असं मानणाऱ्या पालकांना मी हे कळकळीने सांगत असते.

पायरी ४ : डोळ्यांना न दिसणारा पसारा

जमीन, पाणी, आकाश, जंगल यांना व्हास्ट लागतो हे कळलं की पुढचा टप्पा अमूर्त गोष्टींचा. ज्ञान, अनुभव, फरक, साधनसंपत्ती, प्रकारांची विविधता, संस्थांचं जाळं. इथेही प्रश्न तोच, पसरलंय का?

१९१९ साली कराडजवळच्या काले गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. आज तिच्या शाळा-महाविद्यालयांचं जाळं जिल्ह्याजिल्ह्यांतून पसरलं आहे. ‘रयत रन्स अ व्हास्ट नेटवर्क ऑफ स्कूल्स अँड कॉलेजेस’ हे वाक्य अगदी चपखल. जाळं पसरतंच.

ज्ञानाला ‘व्हास्ट नॉलेज’ चालतं. प्रकारांना ‘अ व्हास्ट रेंज’ किंवा ‘अ व्हास्ट अरे’. फरकाला ‘अ व्हास्ट डिफरन्स’. पाचगणी आणि म्हसवडच्या पावसात जो फरक आहे त्याला ‘अ व्हास्ट डिफरन्स इन रेनफॉल’ म्हणा. गंमत बघा, पाऊस स्वतः व्हास्ट नाही, पण दोन ठिकाणच्या पावसातला फरक व्हास्ट आहे, कारण त्या दोन आकड्यांमध्ये अंतर पडलेलं आहे आणि अंतर लांबच लांब असू शकतं.

आता अनुभव. ‘आय हॅव व्हास्ट एक्स्पीरियन्स’ हे वाक्य आपल्याकडच्या नोकरीच्या अर्जांत इतकं दिसतं की वाचणाऱ्याची नजर त्यावरून नुसती घसरते. व्याकरण बरोबर आहे. पण दोन वर्षं काम केलेल्या मुलाने ते लिहिलं की ते खरं राहत नाही, आणि तीस वर्षं काम केलेल्या माणसाला ते लिहायची गरज नसते. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाने साखर कारखान्याच्या शेती विभागात चार हंगाम काढले होते. त्याच्या अर्जातलं हे वाक्य आम्ही काढलं आणि तिथे ‘आय हॅव वर्क्ड फॉर फोर क्रशिंग सीझन्स’ असं घातलं. चार हंगाम म्हणजे काय ते कारखान्यातल्या कुणालाही कळतं. दुसऱ्याबद्दल लिहिताना मात्र हा शब्द शोभतो. निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांच्या निरोपाच्या भाषणात ‘हिज व्हास्ट एक्स्पीरियन्स’ म्हणणं हा मान आहे.

‘द सिलॅबस इज व्हास्ट’ हेही आपल्याकडे रोज बोललं जातं. भारतात ते रुळलेलं आहे आणि चुकीचंही नाही. राज्यसेवेच्या परीक्षेचा अभ्यासक्रम पाहिला तर शब्द अगदी खरा वाटतो. पण घटक चाचणीच्या दोन धड्यांसाठी तो वापरू नका.

पायरी ५ : ‘द व्हास्ट मेजॉरिटी ऑफ’

या शब्दाची सगळ्यांत जास्त भेटणारी जोडी ही. वर्तमानपत्रात, उताऱ्यात, बातम्यांत सतत. अर्थ : निम्म्याहून नुसते थोडे जास्त नव्हेत, तर जवळजवळ सगळे. मराठीत बहुतांश, बहुसंख्य, किंवा गावाकडच्या भाषेत ‘थोडेथोडके सोडले तर सगळे’.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. सुरुवातीला सहसा ‘द’ येतं : ‘द व्हास्ट मेजॉरिटी.’ त्यानंतर ‘ऑफ’ आणि बहुतेकदा अनेकवचनी, मोजता येणारं नाम येतं. फार्मर्स, स्टुडंट्स, व्हिलेजेस. आणि क्रियापद अनेकवचनी. ‘द व्हास्ट मेजॉरिटी ऑफ फार्मर्स इन धिस व्हिलेज ग्रो शुगरकेन.’ इथे ‘ग्रोज’ लिहिलं की गुण गेला. मुलं मेजॉरिटी हा एकवचनी शब्द बघतात आणि फसतात. बघायचं असतं ते ‘ऑफ’नंतरच्या शब्दाकडे.

आणखी एक इशारा. ही जोडी वजनदार आहे. शंभरातले पंचावन्न म्हणजे ‘अ मेजॉरिटी’, त्याला व्हास्ट जोडणं म्हणजे वाचणाऱ्याची दिशाभूल. नव्वद असतील तर खुशाल जोडा. आकडा माहीत असेल तर सरळ आकडाच द्या. साध्या बोलण्यात ‘मोस्ट फार्मर्स’ एवढं पुरतं.

मोजमापाच्या जोड्या पटकन उरकू. मोजता येणाऱ्या गोष्टींना ‘अ व्हास्ट नंबर ऑफ’, न मोजता येणाऱ्यांना ‘अ व्हास्ट अमाउंट ऑफ’. माणसं, फुलं, पुस्तकं पहिल्यात. पाणी, पैसा, वेळ, माहिती दुसऱ्यात. धान्य, ऊस, हळद अशा ढिगाने येणाऱ्या मालाला ‘व्हास्ट क्वांटिटीज ऑफ’.

पायरी ६ : ‘व्हेरी’ काढा

व्हास्टच्या पोटातच ‘अतिशय’ आहे. ‘व्हेरी व्हास्ट’ म्हणजे मराठीत ‘खूप अफाट’ म्हटल्यासारखं. ऐकायला विचित्र आणि अर्थात भर शून्य. जोर द्यायचाच असेल तर ‘ॲब्सोल्यूटली व्हास्ट’ किंवा ‘ट्रूली व्हास्ट’. तुलनेची ‘व्हास्टर’ आणि ‘व्हास्टेस्ट’ ही रूपं शब्दकोशात आहेत, पण रोजच्या लिहिण्यात फारशी येत नाहीत. कोयनेचा जलाशय उरमोडीच्या जलाशयापेक्षा मोठा, हे ‘फार लार्जर दॅन’ने सांगा.

परिणाम दाखवायचा असेल तर मात्र ‘सो व्हास्ट दॅट’ ही रचना फार कामाची आहे. तिच्याकडे शेवटी येते.

पायरी ७ : ‘व्हास्टली’ आणि ‘व्हास्टनेस’

क्रियाविशेषण ‘व्हास्टली’ मोजक्या मित्रांबरोबरच फिरतं. ‘व्हास्टली डिफरंट’, ‘व्हास्टली इम्प्रूव्ह्ड’, ‘व्हास्टली सुपीरियर’. कुठे तरी तुलना दडलेली असली की ते बसतं : आधीपेक्षा, दुसऱ्यापेक्षा. ‘द रोड टू कास हॅज व्हास्टली इम्प्रूव्ह्ड’ चालेल. ‘ही रॅन व्हास्टली’ चालणार नाही. दाट लोकवस्तीला ‘व्हास्टली पॉप्युलेटेड’ लिहिलेलं मी उत्तरपत्रिकेत पाहिलं आहे, तिथे ‘डेन्सली’ हवं. दाटी आणि पसारा या एकमेकांविरुद्धच्या गोष्टी आहेत. ‘व्हास्टनेस’ हे नाम : ‘द व्हास्टनेस ऑफ द स्काय.’ निबंधात एकदा येऊ द्या, दोनदा नको.

पायरी ८ : महापुराची बातमी लिहून बघा

व्हास्ट आणि त्याचे शेजारी वेगळे कसे ओळखायचे, हे शिकवताना मी ऑगस्ट २०१९ चा सांगलीचा पूर घेते. ज्यांनी तो पाहिला त्यांना शब्दाचं वजन लगेच कळतं. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, आणि तिथली धोक्याची पातळी ४५ फूट.

आता लिहा. ‘द फ्लड वॉज व्हास्ट’ असं मुलं लिहितात. चालत नाही, कारण पूर ही घटना आहे आणि तिला ‘सिव्हिअर’ हवा. पण पुराचं पाणी पसरलं, म्हणून ‘फ्लडवॉटर कव्हर्ड अ व्हास्ट एरिया’ बरोबर. नुकसान किती? ‘एक्स्टेन्सिव्ह डॅमेज.’ एक्स्टेन्सिव्हमध्येही विस्तार आहे, पण तो तपासून, ठिकाणं मोजून सांगितलेला असतो. पंचनामा करणाऱ्याचा हा शब्द. म्हणूनच ‘एक्स्टेन्सिव्ह रिसर्च’, ‘एक्स्टेन्सिव्ह रिपेअर्स’ म्हणतात, तिथे व्हास्ट कुणी घालत नाही. पाऊस एकाच वेळी अनेक तालुक्यांत झाला, तर ‘वाइडस्प्रेड रेन’. माझ्या पहिल्या प्रश्नकर्तीला खरं तर हाच शब्द हवा असेल, धो धो बरोबरच सगळीकडे असंही तिला म्हणायचं असेल तर. लोकांचं दुःख, त्यांनी सोसलेले हाल? ‘इमेन्स सफरिंग.’ इमेन्स मनाच्या गोष्टींना लागतो. इमेन्स प्राइड, इमेन्स ग्रीफ. आणि अहवाल सगळ्या बाजू घेऊन लिहिला असेल तर तो ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह रिपोर्ट’.

‘द फ्लड डेव्हास्टेटेड मेनी व्हिलेजेस.’ दुसऱ्या पायरीवरचा तो भाऊबंद इथे पुन्हा भेटतो. पाण्याने पसरून ओसाड केलं. एका धातूतून निघालेले दोन्ही अर्थ नदीकाठच्या गावांनी आठवडाभरात पाहिले.

पायरी ९ : वही काढा

खालची वाक्यं आधी नेमक्या मराठीत मनात म्हणा, मगच इंग्रजी विशेषण ठरवा.

सज्जनगडावरून उरमोडीचं पाणी लांबवर दिसतं. पुण्याला जाताना खंबाटकी घाटात प्रचंड ट्रॅफिक लागलं. आमच्या गावातल्या शंभरातल्या नव्वद घरांतलं कुणी ना कुणी मुंबईला आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा अमाप माल येतो. आजोबांना देशी बियाण्यांची अफाट माहिती आहे. काल आजोबांचा प्रचंड संताप झाला.

पाण्याला व्हास्ट, ‘अ व्हास्ट स्ट्रेच ऑफ वॉटर’. ट्रॅफिकला हेवी. घरांना ‘द व्हास्ट मेजॉरिटी ऑफ’, आकडा नव्वद आहे म्हणून. हळदीला ‘व्हास्ट क्वांटिटीज’. आजोबांच्या माहितीला व्हास्ट, आणि आजोबांच्या संतापाला ‘फ्युरियस’. एकाच माणसाच्या ज्ञानाला लागणारं विशेषण त्याच माणसाच्या रागाला लागत नाही, हे या शेवटच्या जोडीत मुलांना चटकन दिसतं.

सातवं वाक्य प्रत्येकाने स्वतःच्या गावाबद्दल लिहायचं, ‘सो व्हास्ट दॅट’ वापरून. अट एकच : ‘दॅट’नंतर डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट यायला हवी. ‘सो व्हास्ट दॅट इट इज ब्यूटिफुल’ असलं वाक्य मी परत करते, कारण सौंदर्य विस्तारातून आपोआप निघत नाही. शिवसागराकाठच्या बामणोलीच्या मुलीने लिहिलं, जलाशय इतका मोठा की पलीकडच्या काठावरचा माणूस बाई आहे की पुरुष ते कळत नाही. आटपाडीकडून शिकायला आलेला एक मुलगा बराच वेळ पेन दातात धरून बसला होता. मग त्याने हे लिहून आणलं, आणि मी त्यात एक अक्षर बदललं नाही : ‘द लँड निअर अवर हाऊस इज सो व्हास्ट दॅट माय मदर कॅन सी द एसटी बस कमिंग, गो इन, मेक टी, अँड कम आउट बिफोर आय गेट डाउन.’